दुभंगलेल्या ओठाच्या मुलांना सातव्या वर्षी परत बोलवा

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय, सादर नमस्कार.

ओठ आणि टाळू दुभंगलेल्या बाळांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. ओठ तीन ते सहा महिन्यांत शिवला जातो, टाळू साधारण दीड वर्षाच्या आत. किती घरांवरचं ओझं त्यामुळे उतरलं, ते मी पाहिलं आहे. पण टाळू शिवली की सगळ्यांनाच वाटतं, झालं एकदाचं! फाईल तिथेच मिटते.

माझी भाची बारा वर्षांची आहे. ताक पिताना तिचं बोट आपसूक नाकपुडीखाली जातं, कारण हिरडीवरच्या बारीक छिद्रातून थेंब नाकात चढतो. डावी नाकपुडी बसकी, पसरट. घरात सगळे म्हणायचे, नाकाचं काय, मोठी झाली की करू. पण नाकपुडीला खालून आधार असतो तो वरच्या जबड्याच्या हाडाचा, आणि फट हिरडीतून गेली असेल तर तिथे हाडच नसतं. कमरेच्या हाडातला मऊ, जाळीदार भाग काढून ती फट भरतात. मूल काही दिवस लंगडतं, मग धावायला लागतं. छिद्र बंद होतं, नाकपुडीचा तळ उचलला जातो, सुळ्याला उतरायला जागा मिळते. नाक यानं पूर्ण सरळ होत नाही, हेही खरं. पुढच्या नाकाच्या ऑपरेशनला पाया मात्र मिळतो.

हे सुळा येण्याआधी व्हावं लागतं, साधारण आठ ते अकराव्या वर्षात. त्याआधी बऱ्याच मुलांचा जबडा तार लावून रुंद करावा लागतो, त्यात महिने जातात. सुळा उतरल्यावरही ग्राफ्ट, म्हणजे हे हाड भरणं, करतात, पण तो तितका चांगला धरत नाही. आमच्या मुलीचा सुळा आला आहे. मधल्या वर्षांत आम्हाला हे कुणीच सांगितलं नाही.

बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांत तपासणीला जातात. ओठाची जुनी खूण दिसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हिरडीचा एक्स-रे सातव्या वर्षी व्हावा, असा आदेश आपण काढा. इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातले तार लावणारे डॉक्टर आणि एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयाचे सर्जन महिन्यातून एक दिवस एकत्र बसावेत. झाबुआ-आलिराजपूरहून मजुरी बुडवून येणाऱ्या आईला दोन दारं फिरायला लावू नका. ‘ग्रहण पाळलं नाहीस’ हे ऐकत तिनं आधीच पुष्कळ सोसलेलं असतं.

आणखी एक. कार्यक्रमाची मर्यादा अठरा वर्षांची आहे. नाकाचं शेवटचं ऑपरेशन चेहऱ्याची वाढ थांबल्यावरच करतात, मुलग्यांचं तर बहुधा सतरा-अठरानंतर. ज्यांचे उपचार या कार्यक्रमात सुरू झाले, त्यांच्यासाठी ही अट नाकाच्या ऑपरेशनपर्यंत शिथिल करावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एका मुलीची मावशी
रामबाग, इंदूर