कोणता समुद्र, तेही लिहा

संपादक महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की रत्नागिरीतल्या हॉटेलांच्या जाहिरातींत ‘समुद्रापासून पाच मिनिटांवर’ हे शब्द हमखास असतात. कोणत्या समुद्रापासून, हे मात्र लिहिलेले नसते, आणि रत्नागिरीत सगळा फरक तिथेच पडतो. मांडवीचा किनारा शहराला लागून, काळ्या वाळूचा. संध्याकाळी जेटीवर बसायला उत्तम, मुलांना पाण्यात सोडायला नव्हे. मिऱ्याच्या बाजूचा ‘पांढरा समुद्र’ नावाचा किनारा लाटांनी जमीन खाल्ल्यामुळे बंधाऱ्याच्या आड गेला आहे, त्यामुळे खिडकीतून समुद्र दिसला तरी वाळूत उतरता येईलच असे नाही. मनसोक्त चालायचे तर काजळी नदीवरचा पूल ओलांडून भाट्याला राहावे. सरळ, लांब किनारा आणि मागे सुरूचे बन. मात्र रात्री उशिरा तिकडे रिक्षा सहज मिळत नाही, तेव्हा जेवणाची सोय तिथेच आहे ना, हे आधी विचारावे.

गणपतीपुळ्यासाठीच येणाऱ्यांनी शहरात खोली घेऊच नये. आरे-वारेमार्गे ते 25 किलोमीटरच्या आसपास आहे; पहाटेची आरती गाठायची तर मुक्काम पुळ्यातच हवा.

रेल्वे स्टेशन शहराबाहेर, सहा-सात किलोमीटरवर आहे. मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघालेला माणूस पहाटे उतरतो आणि हॉटेलची खोली दुपारी 12 ला मिळते. मधले सहा तास सामान, लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन कुठे काढायचे? बुकिंग करतानाच लवकर खोली मिळेल का आणि त्याचे किती पडतील, हे विचारून मेसेजवर लिहून घ्यावे. तोंडी ‘या, बघू’ याला गर्दीच्या दिवसांत काही अर्थ नसतो.

तारीख ठरवताना तिथीही पाहावी. आपल्या किनाऱ्यावर तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. म्हणजे अष्टमीच्या संध्याकाळी वाळू कमी उरते. पौर्णिमा-अमावास्येला त्याच वेळी ओहोटी असते आणि चालायला भरपूर जागा मिळते. मात्र ओहोटीचे पाणी आत ओढते, तेव्हा पोहण्याच्या भानगडीत पडू नये.

पावसाळ्यात समुद्राकडची खोली मागू नये. खाऱ्या वाऱ्याने गाद्या-चादरी दमट राहतात, कड्या गंजून खिडक्या नीट लागत नाहीत. जमिनीकडच्या बाजूची खोली कोरडी आणि बहुधा स्वस्तही असते. वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की फक्त दिवा-पंखा, हेही विचारावे. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताज्या सुरमईच्या भरवशावर हॉटेल निवडू नये.

हॉटेलचालकांना विनंती एवढीच, की जाहिरातीत किनाऱ्याचे नाव, तिथपर्यंतचे चालत अंतर, स्टेशनपासूनचे किलोमीटर आणि खोली ताब्यात देण्याची वेळ या चार गोष्टी छापाव्यात.

– एक वाचक, रत्नागिरी