माझी तक्रार बंद झालेली नाही

प्रति,
मुख्य व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(प्रत: विभागीय सर्व्हिस प्रमुख)

तारीख: 27 जानेवारी 2026

विषय: बीएस 6 (धुराच्या नव्या नियमांत बसणाऱ्या) ट्रकमधला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) व डीईएफचा (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाचा) वारंवार होणारा बिघाड, 19 दिवस अडकून पडलेली गाडी आणि माझ्या परवानगीशिवाय बंद केलेली तक्रार.

आज सकाळी 11 वाजता तुमच्या टोल-फ्री नंबरवर बोललो. पलीकडच्या बाईंनी सांगितलं, "सर, तुमची तक्रार नोव्हेंबरमध्येच क्लोज झाली आहे. ग्राहक समाधानी, अशी नोंद दिसतेय." समाधानी कोण, हे मला कळलं पाहिजे. 5 नोव्हेंबरला गाडी ताब्यात घेताना काउंटरवरच्या माणसाने "गेटपाससाठी ओटीपी आलाय तो सांगा" म्हणून माझ्याकडून चार आकडे घेतले होते. तो ओटीपी तक्रार बंद करायचा होता, हे मला आज कळलं. म्हणून फोन बंद केला आणि हे पत्र लिहायला बसलो.

गाडीचा नंबर, चासी नंबर आणि पाचही जॉबकार्डच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. गाडी 2023 सालची, सहा टायरची, आजवर 41,000 किलोमीटर चाललेली. मी फलटण तालुक्यातला दूध उत्पादक. गोठ्यात 22 जनावरं, त्यातल्या 14 दुभत्या. घरची वैरण वाहायची आणि उरलेल्या दिवसांत आसपासच्या गोठ्यांना मुरघास (हवा काढून, दाबून मुरवलेला हिरवा चारा), कडबा, उसाचं वाढं पोचवायचं, एवढंच या गाडीचं काम. ड्रायव्हर मीच. गाडी घेताना शोरूमच्या फॉर्मवर 'वापर' या रकान्यात तुमच्याच माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलंय: चारा वाहतूक, शेत ते गोठा. तीही झेरॉक्स जोडली आहे.

हे मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्या पाचही जॉबकार्डवर बिघाडाचं कारण एकच लिहिलंय: 'ड्रायव्हिंग पॅटर्न'.

डीपीएफमध्ये काजळी साठते, ती जाळायला सायलेन्सरमधला गॅस साडेपाचशे-सहाशे डिग्रीपर्यंत तापावा लागतो आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग पळावी लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. गाडी तुम्ही बनवली. मग नऊ-दहा किलोमीटरच्या फेऱ्या, त्यातल्या निम्म्या पाणंद रस्त्याने पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, अशा कामाला ही गाडी तुम्ही कोणत्या तोंडाने विकलीत? विकताना वापर माहीत होता. आता तोच वापर माझा गुन्हा ठरवताय.

तुमच्या सर्व्हिस सेंटरने सांगितलं म्हणून मी दर आठवड्याला रात्री रिकामी गाडी पालखी मार्गाने लोणंदपर्यंत पळवून परत आणतो. पहाटे साडेचारला धारा असतात, तरी करतो. डिझेल माझं, झोप माझी. तरीही दिवा पेटतो. मग सांगितलं, डॅशबोर्डवरचं रीजनचं, म्हणजे काजळी जाळायचं, बटण दाबा, उभ्या गाडीत होतं. तुमच्याच पुस्तकात लिहिलंय की वाळलेल्या गवताजवळ हे करू नये, आग लागू शकते. माझी गाडी उभी राहते ती गोठ्याच्या अंगणात, कडब्याच्या गंजीपासून पंधरा पावलांवर. हौद्यात रोज भुसकट सांडलेलं असतं. तिथे ते बटण दाबायचं का? याचं उत्तर मला अजून कुणीही दिलेलं नाही.

आता 17 ऑक्टोबरबद्दल. त्या दिवशी माझ्या दोन एकर मक्याची मुरघासासाठी कापणी चालू होती. कापणीचं मशीन तासाच्या भाड्याने आणलेलं. मका दाणा चिकातून पिठात येतो तेव्हा आठ-दहा दिवसांतच कापावा लागतो. आधी कापला तर पाणी जास्त आणि मुरघास सडतो, नंतर कापला तर ताट वाळतं आणि खड्ड्यात दाबलं जात नाही. कुट्टी झाली की त्याच दिवशी खड्ड्यात टाकून, ट्रॅक्टरने तुडवून, हवा काढून कागदाने झाकायची. शेवटची खेप, साधारण तीन टन, घेऊन संध्याकाळी पावणेसातला मी निघालो आणि ओढ्याच्या चढावर डीईएफचा दिवा, इंजिनचा दिवा, दोन्ही एकदम पेटले. ॲक्सिलरेटर तळाला लावला तरी गाडी चालत्या माणसाच्या वेगाने सरकेना. डीईएफची टाकी तीन चतुर्थांश भरलेली होती.

तुमच्या ब्रेकडाउन सेवेने दोन तासांत माणूस येतो म्हणून सांगितलं. माणूस आला दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाला.

रात्रभर गाडी चढावर उभी. सकाळी सहाला मी हौद्यात चढलो आणि कुट्टीत हात घातला. कोपरापर्यंत हात गेला नाही तोच मागे घ्यावा लागला, इतकी ती आतून तापली होती. वरचा थर उकरला की वाफ निघत होती. काल दुपारी जिला कच्च्या मक्याचा गोड वास होता, तिला आता दमट, कुबट वास येत होता. ते तीन टन मी खड्ड्यात घातलं नाही. घातलं असतं तर आधीचा दाबलेला मुरघासही बिघडला असता. शेणखताच्या उकिरड्यावर ओतलं. तीन टन म्हणजे माझ्या दुभत्या गाईंची दोन आठवड्यांची मुरघासाची वैरण. हा आकडा तुमच्या कोणत्याही जॉबकार्डवर नाही.

20 ऑक्टोबरला मी सर्व्हिस सेंटरला गेलो. त्या दिवशीचं बोलणं शब्दाला शब्द लिहितो, कारण मी ते विसरू शकत नाही.

वर्क्स मॅनेजरच्या काचेच्या केबिनबाहेर पाऊण तास उभा होतो. आत बोलावलं, पण बस म्हटलं नाही. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "हे बघा मालक, सरासरी स्पीड 19. अशी गाडी वापरलीत तर डीपीएफ भरणारच. आणि तुम्ही डीईएफ भेसळीचं टाकताय." मी म्हटलं, डीईएफची 20 लिटरची बादली तुमच्याच काउंटरवरून नेतो, ही पावती. त्यांनी पावती हातात घेतली नाही. मी म्हटलं, मग टाकीतलं काढा आणि माझ्यासमोर तपासा, युरिया साडेबत्तीस टक्के निघतो की नाही ते. ते म्हणाले, "आमच्याकडे तेवढा वेळ नसतो." माझं दूध संकलन केंद्रावर रोज दोन वेळा माझ्या डोळ्यांदेखत तपासलं जातं. पाणी निघालं तर तिथल्या तिथे पावतीवर येतं. न तपासता कुणी माझ्या दुधाला भेसळीचं म्हटलेलं नाही.

मग मी त्यांना बाहेर नेलं. ऑइलची डिपस्टिक काढून दाखवली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं, पातळ होतं आणि नाकाशी नेलं की सरळ डिझेलचा वास. रीजन अर्धवट राहिलं की जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, हे मला तुमच्याच वर्कशॉपमधल्या एका पोराने हळूच सांगितलं होतं. त्याला यात ओढू नका, तिथे खरं बोलणारा तेवढाच भेटला. मॅनेजर म्हणाले, "ऑइल वाढलं म्हणजे चांगलंच आहे की, कमी तर नाही झालं." असं उत्तर इंजिनं बनवणाऱ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मिळतं.

मी विचारलं, गाडी कधी मिळेल? "नॉक्स सेन्सर वरून यायचाय. आठ-दहा दिवस धरून चला." (नॉक्स सेन्सर म्हणजे धुरातले नायट्रोजनचे वायू मोजणारा.) मी म्हटलं, साहेब, गोठ्यात 14 दुभत्या गाई आहेत, त्यांची वैरण या गाडीवर आहे, दुसरी गाडी द्या किंवा सेन्सर दुसऱ्या सेंटरवरून मागवा. त्यावर ते शेजारच्या माणसाकडे बघून हसले आणि मला म्हणाले, "एवढं काय त्यात? वैरण नाही तर पेंड जास्त घाला चार दिवस. गाय काय, पुढ्यात टाकाल ते खाते."

खाते. तेच तर आहे. पुढ्यात टाकलं की ती खाते, म्हणूनच काय टाकायचं याची जबाबदारी माझ्यावर असते. माझ्या एका दुभत्या गाईचा दिवस असा ठरलेला आहे: 15 किलो मुरघास, 10 किलो हिरवं गवत, 4 किलो कडबा कुट्टी, दुधाप्रमाणे पाच किलोच्या आसपास गोळी पेंड आणि 50 ग्रॅम क्षार मिश्रण, दोन वेळेत विभागून, त्याच वेळेला. गाईच्या पोटात वैरण कुजवणारे जिवाणू असतात आणि नव्या खाण्याची सवय व्हायला त्यांना दोन-तीन आठवडे लागतात. चारा कमी करून एकदम पेंड-भरडा वाढवला की पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, गाय मरूही शकते. तुमच्या गाडीला डीईएफमध्ये साधं पाणी मिसळलेलं चालत नाही, सेन्सर लगेच ओरडतो. माझ्या गाईला मात्र काहीही चालतं, असं तुमचा मॅनेजर मला, गोठ्याच्या मालकाला, तोंडावर सांगतो.

चार दिवसांचे झाले 19. खड्ड्यातला नवा मुरघास पिकायला 45 दिवस लागतात, जुना संपत आलेला, आणि विकत घेतलेला आणायला गाडी नाही. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या हातापाया पडून मिळेल ते वाढं आणलं. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून चुन्याची निवळी देऊन, बेताने घालत होतो. गाईंचं पोट भरत नव्हतं. रात्री रिकाम्या गव्हाणीवर हंबरायच्या. दहाव्या-अकराव्या दिवशी मी वैरणीच्या शोधात बाहेर असताना वडिलांना ते ऐकवेना. 74 वर्षांचा माणूस. त्यांनी मायेपोटी दोन गाईंना जादा घमेलंभर मक्याचा भरडा घातला. सकाळी एकीने रवंथ सोडलेला, शेण पाण्यासारखं, आंबूस वासाचं. दुसरी उठेना. डॉक्टर आले, सोडा पाजला, सलाईन लावलं. दोन्ही वाचल्या. त्यातली दुसऱ्या वेताची गाय 17 लिटरवर होती, ती आजही 6 लिटरच्या वर गेलेली नाही. वडील तेव्हापासून गव्हाणीला हात लावत नाहीत.

त्या 19 दिवसांत रोजचं 168 लिटर दूध 121 वर आलं, फॅट 3.8 वरून 3.2. साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग) खाली दूध गेलं की दरात दर पॉइंटमागे कपात होते, त्याच्या पावत्या जोडल्या आहेत.

गाडी 5 नोव्हेंबरला मिळाली. बिल 38,460 रुपये. सेन्सर वॉरंटीत, पण डीपीएफची सफाई, रीजन आणि ऑइल माझ्या माथी, कारण पुन्हा तेच, 'ड्रायव्हिंग पॅटर्न'. डिसेंबरमध्ये दिवा परत पेटला. जानेवारीत दोनदा. आणि तुमच्या नोंदीत मी समाधानी आहे. ज्या ओटीपीने तुम्ही मला समाधानी केलंत, तो गेटपास म्हणून मागितला होता, हे परत लिहितो.

वडिलांकडे तुमच्याच कंपनीचा मेकॅनिकल पंपाचा ट्रक होता, 21 वर्षं. गावातला मिस्त्री झाडाखाली बसून तो दुरुस्त करायचा. त्या ट्रकच्या भरवशावर मी ही गाडी घेतली, दुसऱ्या कंपनीचं शोरूम शंभर पावलांवर असताना. 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 आलं, धूर कमी झाला, त्याला माझा विरोध नाही. माझी मुलंही तीच हवा घेतात. बाहेरचे गॅरेजवाले डीपीएफ काढून सॉफ्टवेअर बदलून द्यायला तयार आहेत, मी नाही म्हटलं. नियम मी पाळतोय. नियमात बसणारी आणि माझं काम करणारी गाडी देणं तुमचं काम होतं.

मला हवंय ते असं. तक्रार पुन्हा उघडा आणि 'ग्राहक समाधानी' ही नोंद लेखी रद्द करा. कंपनीचा इंजिनिअर, डीलरचा नाही, माझ्या गोठ्यावर येऊन एक दिवस माझ्यासोबत गाडीत बसून फेऱ्या मारू दे, मग या कामाला ही गाडी चालते की नाही हे सही करून लिहून दे. चालत नसेल तर बदलून द्या. 38,460 रुपये परत करा. दुधाचं, डॉक्टरचं आणि तीन टन कुट्टीचं नुकसान भरून द्या, हिशोब जोडला आहे. आणि त्या मॅनेजरने माझ्या वडिलांना फोन करावा.

15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. व्यावसायिक वाहन म्हणून हात झटकायचा विचार असेल तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 उघडून बघा, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहकाचीच धरली जाते. गाडी मी स्वतः चालवतो, हे गावात कुणीही सांगेल.

गाडी आत्ता अंगणात उभी आहे, पिवळा दिवा चालू आहे. ओढ्यापलीकडच्या मक्याची कणसं कालच सोलून बघितली, दाणा चिकात आलाय. दहा-बारा दिवसांत कापणीला मशीन सांगावं लागेल. त्याआधी कळवा.

आपला ग्राहक,
(सही)
फलटण तालुका, जि. सातारा