त्याला परिपक्वता म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात परभणीत एका निवृत्त सहकाऱ्याच्या सत्काराला गेलो होतो. तेथे बोलणाऱ्यांपैकी तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच विनोद केला, की कॉलेजात सगळेच क्रांतिकारक असतात, पुढे संसाराला लागले की डोके ठिकाणावर येते. सभागृह हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर ते हसू डाचत राहिले, म्हणून हे पत्र.

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत संमत झाला, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. (मतदानाचे वय त्या वेळी एकवीस होते, ते अठरावर आले १९८९ साली, म्हणजे ज्या सरकारवरून आम्ही रात्र-रात्र भांडत होतो, ते निवडण्याचा अधिकारही आमच्यापैकी बहुतेकांना नव्हता.) ठरावानंतर मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. सवर्ण घरांतली आम्ही पाच-सहा मुले नामांतराच्या बाजूने सायक्लोस्टाईल केलेली पत्रके वाटत हिंडत होतो. अशाच एका गावात जळालेल्या वस्तीत पाऊल ठेवले, तर एका घराच्या उरलेल्या भिंतीशी कणगी कोसळलेली होती आणि आतल्या ज्वारीला हुरड्यासारखा खरपूस वास येत होता. त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटले. इतकी शरम मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही, आणि आपल्या घरात तरी जात पाळायची नाही हे मी त्या दिवशी परतीच्या एस.टी.त ठरवले.

हे ठरवलेले वडिलांच्या रागाने मोडले नाही, की गावातल्या लोकांनी बोलणे टाकले म्हणूनही मोडले नाही. नामविस्तार, म्हणजे विद्यापीठाच्या जुन्या नावालाच आंबेडकरांचे नाव जोडणे, व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तोवर साडेपंधरा वर्षे मी आपल्या जागी ठाम होतो. मोडले ते मुलीच्या लग्नाच्या वेळी, वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जावर. जात आणि पोटजातीचे रकाने भरून झाल्यावर खाली प्रश्न होता, ‘आंतरजातीय चालेल का?’ कारकून पेन घेऊन वाट पाहत होता, शेजारी मेहुणे बसले होते. मी ‘नाही’ लिहिले. मुलीला विचारलेदेखील नाही. बाहेर येऊन आम्ही चहा घेतला आणि भाव काय चालला आहे यावर बोललो, सोयाबीनचा.

माझी तक्रार आहे ती या गोष्टीला नंतर जे नाव दिले जाते त्याविषयी. वय वाढले, अनुभव आला, म्हणून माझे मत बदलले, असे काही घडले नव्हते. जात पाळू नये हे मला त्या अर्जासमोरही तितकेच पटत होते, फक्त त्याची किंमत प्रथमच माझ्या घरातून द्यायची होती. सत्कार समारंभातले वक्ते ज्याला डोके ठिकाणावर येणे म्हणतात, ते पुष्कळदा एवढेच असते.

शिवाय वय हे कारण मराठवाड्याने तरी सांगू नये. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते गोविंदभाई श्रॉफ निजामाची राजवट संपली तेव्हा सदतीस वर्षांचे होते, आणि त्यानंतर २००२ साली देह ठेवीपर्यंत या प्रदेशाच्या पाण्यासाठी, रेल्वेसाठी, शिक्षणासाठी ते भांडत राहिले. नामांतराच्या प्रश्नावरील त्यांची भूमिका मला तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही. पण उतारवयात हाडे दुखत असताना सभेला जाणे हा पोरकटपणा होता, असे त्यांच्याविषयी कोणी म्हणू धजणार नाही. बदललेल्या मताचा मी अनादर करीत नाही. आणीबाणीनंतर जनता पक्षाकडून ठेवलेल्या आमच्या कित्येक आशा भाबड्या होत्या आणि त्या सोडल्या हे बरेच झाले. मात्र विचार करून सोडलेली गोष्ट वेगळी आणि महाग पडली म्हणून सोडलेली वेगळी. निदान पुढच्या पिढीसमोर बोलताना आपण ही सरमिसळ करू नये.

मागील महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी आला. त्याला व एका मुलीला विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची होती, दोन्ही घरांचा विरोध होता, आणि त्या कायद्यानुसार तीन साक्षीदार लागतात. मी हो म्हणालो, एक त्याचा मित्र तयार होता. तिसरा मिळवायला आम्हाला दोन दिवस लागले. एकाची तब्येत बरी नव्हती, दुसऱ्याच्या नातीचे स्थळ पाहणे चालू होते. १९७८ साली माझ्याबरोबर पत्रके वाटणाऱ्यांपैकी हे दोघे. शेवटी सही केली ती मुलाच्या खोलीखालच्या झेरॉक्सवाल्याने.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, परभणी