व्यासपीठालाही रॅम्प हवा

महोदय,

मुंबईतल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत मी दिव्यांग प्रतिनिधींच्या मदतीसाठी इंटर्नशिप केली. सभागृहाच्या दाराशी रॅम्प होता, व्यासपीठाला मात्र पायऱ्याच! दिव्यांग व्यक्ती फक्त श्रोता म्हणून येणार, वक्ता म्हणून नाही, असं का धरून चालावं? १:१२ उताराने (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) दोन फूट चढायला २४ फूट लांबी लागते. ती जागा खुर्च्या मांडण्याआधीच राखावी लागते. स्लाइडसाठी दिवे मालवले की सांकेतिक भाषेच्या दुभाषाचे हात दिसत नाहीत, आणि कर्णबधिर प्रतिनिधींसाठी भाषण तिथेच थांबतं. त्यातून परदेशी पाहुण्यांना भारतीय सांकेतिक भाषा कळेलच असं नाही. कोणती सांकेतिक भाषा हवी, हे नोंदणी अर्जातच विचारावं. सार्वजनिक इमारती सुगम्य करणं २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने बंधनकारक आहे. सभागृहचालकांनी व्यासपीठाचा रॅम्प भाड्यातच द्यावा, वेगळे पैसे मागू नयेत.

– एक विद्यार्थिनी, परळ, मुंबई