बदली गाडीचे कलम करारातच हवे

मा. संपादक,

महागडी गाडी विकताना 'सर्व्हिसिंगच्या काळात बदली गाडी देऊ' असे तोंडी सांगितले जाते. माझ्या गाडीचा गिअरबॉक्स बिघडला, सुटा भाग परदेशातून यायचा होता, तेव्हा मात्र 'सध्या गाडी शिल्लक नाही' एवढेच उत्तर मिळाले. आईला गोव्यातल्या साखळीहून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी न्यायचे होते. मुंबई-पुण्यासारखी ओला-उबर इथे हाताशी नाही, आणि कदंबच्या बसमधल्या गर्दीत गुडघे धरलेल्या बाईने चढायचे तरी कसे?

बऱ्याच तगाद्यानंतर गाडी मिळाली. सहीसाठी पुढे केलेल्या कागदावर, विम्यातून न मिळणारा नुकसानीचा सगळा खर्च ग्राहकाच्या माथी मारला होता. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला बोटभर जुना चरा होता. त्याचे फोटो काढले, कागदावर नोंद करायला लावली आणि मगच सही केली. आरसी आणि विम्याबरोबर वितरकाच्या लेटरहेडवर गाडी वापरण्याच्या परवानगीचे पत्रही मागून घ्यावे. गोव्यात 'रेंट अ कार'ला काळी पाटी आणि पिवळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची म्हणजे खासगी, दुसऱ्याच्या नावावरची गाडी दिसली की ती बेकायदा भाड्याने घेतल्याचा पोलिसांना संशय येतो, आणि तो रास्तच आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अन्याय्य कराराविरुद्ध दाद मागता येते. पण आजारी माणूस घरात असताना ग्राहक आयोगाच्या पायऱ्या कोण झिजवणार? कोणत्या दुरुस्तीला, किती दिवसांत बदली गाडी मिळेल आणि नुकसानीची कमाल रक्कम किती, हे वितरकांनी विक्रीच्या करारातच छापावे. वाहतूक खात्याने त्यांना तसे भाग पाडावे.

– एक वाचक, साखळी