विनएसएक्सएस फोल्डर 'साफ' केल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्याचे तीन संगणक (विंडोज ११, १२८ जीबी एसएसडी) आपल्याकडे वार्षिक देखभाल करारात आहेत. सी ड्राइव्ह भरली म्हणून आपल्या इंजिनिअरने तिन्हींवर विनएसएक्सएस फोल्डरची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलरकडून (सिस्टीमच्या फायली राखणारे विंडोजचे स्वतःचे खाते) काढून घेतली, आतल्या सगळ्या फायलींवर 'एव्हरीवन'ला, म्हणजे कोणत्याही वापरकर्त्याला, फुल कंट्रोल दिला आणि बरेच फोल्डर डिलीट केले. पावतीवर 'जंक फाइल्स काढल्या' असे लिहिले आहे. ते जंक नव्हते.

विनएसएक्सएस हे विंडोजचे कोठार आहे. सिस्टीम३२ या विंडोजच्या मुख्य फोल्डरमधल्या बहुतेक फायली म्हणजे कोठारातल्याच फायलींची दुसरी नावे, म्हणजे हार्ड लिंक. माल एकच, नावे दोन. एक्सप्लोरर तो दोनदा मोजतो, म्हणून फोल्डर फुगलेला दिसतो. खरा आकार डिझम या विंडोजच्याच देखभाल साधनाच्या 'ॲनालाइझ कंपोनंट स्टोअर'ने कळतो. एक नाव पुसले तरी दुसरे असेपर्यंत जागा सुटत नाही. म्हणूनच एवढे करून जागा फारशी मिळाली नाही, आणि संगणक चालू होतात म्हणून काम नीट झाल्यासारखे वाटले.

आता मासिक अपडेट ८००एफ०८१एफ या एररवर थांबते, म्हणजे लागणाऱ्या मूळ फायली सापडत नाहीत. सिस्टीमच्या फायली तपासणारी 'एसएफसी स्कॅननाऊ' ही आज्ञा बिघाड दाखवते पण दुरुस्त करू शकत नाही, कारण चांगली प्रत ती याच कोठारातून घेते. या सगळ्याची विंडोजने ठेवलेली नोंद, म्हणजे सीबीएस लॉग, सोबत जोडला आहे.

त्याहून वाईट गोष्ट परवानग्यांची. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल साठवण्याच्या पद्धतीत परवानगी नावाला नसते, फायलीला असते. त्यामुळे विनएसएक्सएसमध्ये दिलेला फुल कंट्रोल हार्ड लिंक असलेल्या सिस्टीम३२ मधल्या फायलींनाही लागला. विंडोज व्हिस्टापासून ॲडमिनिस्ट्रेटरलाही जे मालकी घेतल्याशिवाय बदलता येत नाही, ते आता कोणाच्याही लॉगिनवरून चालणारा व्हायरस बदलू शकतो.

जागाच हवी होती तर कोठाराची सुरक्षित सफाई करणारे डिझमचे 'स्टार्ट कंपोनंट क्लीनअप' होते. हायबरनेशन बंद केले असते तर ८ जीबी रॅमवर ३ जीबीच्या आसपास जागा तिथेच सुटली असती.

आपल्या कार्यालयाने फोनवर 'फॉरमॅट मारू, वेगळा चार्ज लागेल' असे सांगितले. ते मान्य नाही. नुसते डिझमचे 'रिस्टोअर हेल्थ' (कोठाराची दुरुस्ती) चालवूनही भागणार नाही. शाबूत फायलींच्या बिघडलेल्या परवानग्या तशाच राहतील. परवानग्या बदलणाऱ्या आयकॅकल्स आज्ञेचा 'रिसेट'ही नको, तो मूळ परवानग्या परत आणत नाही, वरच्या फोल्डरच्या लावतो.

आधी हिशेबाच्या डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग त्याच एडिशनच्या, त्याच भाषेच्या विंडोज ११ चा सेटअप चालू विंडोजमधूनच चालवून, फायली व प्रोग्राम कायम ठेवून रिपेअर इन्स्टॉल करा. जागा अपुरी पडली तर बाहेरची डिस्क लावा, पुन्हा हात विनएसएक्सएसला नको. शेवटी प्रत्येक संगणकावर एसएफसीचा निर्दोष निकाल आम्हाला दाखवा.

हे सगळे विनामूल्य आणि जीएसटी विवरणाच्या ११ तारखेच्या आत व्हावे. तोवर कराराचा पुढचा हप्ता थांबवला आहे.

आपला,
संगणक विभाग प्रमुख
टॉवेल कारखाना, सोलापूर