झूम फिरवला की रेटिकलचं माप बदलतं का?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बालेवाडीच्या रेंजवर ऑलिंपिक प्रकारांचा सराव करणाऱ्यांच्या रायफलीवर स्कोप (नेम धरायची दुर्बीण) नसतो, पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची सोय) असते. नेमबाज स्वप्निल कुसाळे यांचं २०२४ मधलं पॅरिसचं ब्राँझही पीप साइटवरचंच. तेव्हा मुलाला त्या वाटेने न्यायचं असेल तर पालकांनी स्कोपवर पैसे घालू नयेत. पण लांब पल्ल्यासाठी किंवा हौसेच्या एअर रायफलवर जे स्कोप लावतात, त्यांच्यात एक गैरसमज घट्ट बसला आहे: रेटिकलवरची (म्हणजे स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या रेघांवरची) खूण म्हणजे कायम एक मिल, झूम कितीही असो.

मिल हे कोनाचं माप: एक मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर, ३०० मीटरवर ३०. यात वाद नाही. प्रश्न रेटिकल स्कोपच्या नळीत कुठे बसवलंय याचा. नळीच्या मध्यावर उलटी प्रतिमा सुलटी करणारी भिंगं असतात आणि झूमही तिथेच होतो. रेटिकल त्यांच्या आधी, लक्ष्याच्या बाजूला असेल तर तो फर्स्ट फोकल प्लेन स्कोप. त्यात रेटिकल चित्राबरोबरच लहानमोठं होतं, म्हणून मिल मिलच राहतो. रेटिकल त्या भिंगांनंतर, डोळ्याच्या बाजूला असेल तर चित्र बदलतं, रेघा आहेत तेवढ्याच दिसतात. हा सेकंड फोकल प्लेन. याच्या खुणा एकाच झूमला खऱ्या असतात. बहुधा सर्वांत मोठ्या, पण काही स्कोपमध्ये १० पटीला. माहितीपत्रकात हे बारीक अक्षरांत छापलेलं असतं आणि दुकानदार क्वचितच सांगतो.

६-२४ पटीचा, २४ ला जुळवलेला असा स्कोप घ्या. १२ वर आणला की प्रत्येक खूण दोन मिलची होते, ६ वर चार मिलची. २५० मीटरवरची ५० सेंटिमीटरची पाटी खरं तर दोन मिलची, पण १२ वर ती एकाच खुणेत मावते. मग पाटीच्या मापाला मिलने भागून अंतर काढायचा हिशेब ५०० मीटर सांगतो! अंतर बरोबर माहीत असूनही, गोळी खाली येते त्यासाठी दोन मिल वर धरायचे म्हणून दोन खुणा वर धरल्या, तर प्रत्यक्षात चार मिल धरले जातात आणि गोळी अर्धा मीटर वरून जाते. सूत्र सोपं आहे: मोजलेल्या खुणा गुणिले जुळवणीचा झूम, भागिले सध्याचा झूम.

टरेटच्या (स्कोपवरच्या, नेम सरकवणाऱ्या गोल बटणाच्या) क्लिकला मात्र झूमचं काही देणंघेणं नाही. ०.१ मिलची क्लिक १०० मीटरवर एक सेंटिमीटरच सरकवते, ६ वर आणि २४ वरही. त्यामुळे सेकंड फोकल प्लेनवाल्याने खुणांऐवजी टरेट फिरवून नेम धरला तर निम्मी कटकट मिटते.

तपासणी घरची आहे, गोळी झाडायचीही गरज नाही. रिकाम्या रायफलीवरचा स्कोप सँडबॅगवर टेकवा. आधी आयपीस (डोळ्याकडचं भिंग) फिरवून रेघा स्पष्ट करा, मग पॅरलॅक्स जुळवा, म्हणजे डोळा हलला तरी रेघा लक्ष्यावरून सरकत नाहीत. टेपने मोजलेल्या ५० मीटरवर मीटरपट्टी उभी लावा. दहा खुणांत नेमके ५० सेंटिमीटर यायला हवेत. अंतर अंदाजाने घेऊ नका, अर्धा मीटर चुकला की मापात एक टक्का गेला. झूम रिंगवरचे आकडेही ढोबळच असतात. रिंग २४ च्या जरा अलीकडे आणल्यावर माप जुळत असेल तर तीच जागा खरी. तिथे पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका द्या.

म्हणून सगळ्यांनी फर्स्ट फोकल प्लेनच घ्यावा, असं मुळीच नाही. कमी झूमला त्याचं रेटिकल कोळ्याच्या जाळ्याइतकं बारीक होतं, आकडे वाचता येत नाहीत. जास्त झूमला जाड रेघ छोटा बुल (लक्ष्याचा मधला ठिपका) झाकते. ठरावीक अंतरावर कागदी टार्गेट मारणाऱ्याला सेकंड फोकल प्लेन पुरतो आणि स्वस्तही पडतो. फक्त रेटिकल मिलचं आणि टरेट एमओएचे (मिनिट ऑफ अँगल, अंशाचा साठावा भाग), असा जोड टाळावा. एक मिल म्हणजे ३.४४ एमओए, आणि पाव एमओएच्या क्लिकने एक मिल भरायला पावणेचौदा क्लिक लागतात.

आपला,
एक वाचक, औंध, पुणे